नववं कडं

१

नवरात्राचे नऊ दिवस पद्मनाभरावांचा ओटा म्हणजे एक छोटं नाटकघरच होऊन जायचं. सहाच्या ठोक्याला गल्लीतली आठ पोरं सोंगं घेऊन हजर. कुणी निळा कृष्ण, कुणी पुठ्ठ्याचा भाला घेतलेला मुरुगन, कुणी भारतमाता. आणि पद्मनाभरावांची सहा वर्षांची नात अक्षया रोज आंडाळ, म्हणजे तमिळ मुलखातली विष्णुभक्त संतकवयित्री. डावीकडे कललेला अंबाडा, गळ्यात हार, डाव्या हातावर कापडी पोपट, आणि तोंडावर रंगाचा असा थर की सख्ख्या आईनेही ओळखू नये. मग पोरांनी घराघरांत जायचं, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांचा कोलू बघायचा, एक गाणं म्हणायचं, द्रोणातली चण्याची उसळ खायची आणि पुढचं दार गाठायचं. कुंभकोणमच्या या गल्लीत, तमिळ घरांत आणि पद्मनाभरावांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथेच रुजलेल्या मराठी घरातही, हे असंच चालत आलं होतं.

गेल्या वर्षापर्यंत पोरं मोकळी हुंदडायची. गेल्या सप्तमीला मात्र एका मोटारसायकलीचा आरसा विघ्नेशच्या खांद्याला लागला. विघ्नेश तेव्हा कृष्ण होता, आणि निळा कृष्ण अंधारात दिसलाच नाही, असं त्या मोटारसायकलवाल्याचं म्हणणं. म्हणून यंदा पोरांना न्यायचं-आणायचं काम पद्मनाभरावांनी, गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या तात्तांनी म्हणजे आजोबांनी, आपण होऊन अंगावर घेतलं.

पद्मनाभराव शहात्तर वर्षांचे. पूल का कोसळतात यावर त्यांची डॉक्टरेट. ज्याने उभा जन्म पूल का कोसळतात हे शिकवलं, त्याला धड पुलावरूनही सुखाने चालता येत नाही. गॅसचं बटण ते तीनदा तपासत, दाराची कडी तीनदा, आणि तिसऱ्यांदा तपासल्यावर आपण खरंच तपासलं का, याचा घोर लावून घेत.

त्यांनी नियम केले. पदराला पिन हवी. समईपासून हातभर लांब राहायचं. पाठीवर चमकणारी पट्टी हवी. आणि बारा मीटरचा एक सुती दोर, त्याला ठरावीक अंतरावर नाडीची कडी. एका पोराने एक कडं मुठीत धरायचं आणि सोडायचं नाही. पुढचं टोक पद्मनाभरावांच्या हातात.

"सार, पोरं नेताय की म्हशी?" समोरच्या अलमेलु मामी आपल्या ओट्यावरून ओरडल्या. "घंटा पण बांधा गळ्यात!"

"आठ पोरं आणि कडी नऊ?" गायत्रीने विचारलं. गायत्री त्यांची सून. मुलगा मस्कतला, त्यामुळे घरात हे तिघंच.

"एक जास्त असावं. पूल बांधताना आपण जेवढं वजन धरतो त्यापेक्षा..."

"मामंजी, पोरं आहेत ती. लोखंडी तुळया नव्हेत."

ती हसली खरी, पण अक्षयाचा हात त्यांच्या हातात देताना तिने तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला. दोन वर्षांपूर्वी अक्षया याच ओट्यावरून पडली होती आणि भुवईला तीन टाके पडले होते. तेव्हा पोरीवर लक्ष कोण ठेवत होतं, हे त्या घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं. न बोललेलंच जास्त लागतं.

अक्षयाचं कडं पहिलं, त्यांच्या हाताला लागून. "भीती वाटली तर काय करायचं?" ते रोज विचारत.

"तीनदा ओढायचं."

"किती?"

"तीऽऽनदा, आजोबा. कालच सांगितलं ना!"

२

पहिल्या दिवशी बोलावणं करायचं असतं. घरातल्या मुलीने नटूनथटून दारोदार जायचं, तिथल्या बाईला कुंकू लावायचं आणि म्हणायचं, "आमच्याकडे कोलू मांडलाय, बघायला या." घराला कुलूप असेल तर चौकटीला कुंकवाचं बोट लावून यायचं, म्हणजे बोलावणं पोचलं. आणि ज्यांना बोलावलं, त्यांनीही आपल्याला बोलवायचं. ते चुकवायचं नसतं.

पद्मनाभरावांची बायको भवानीबाई होती तोवर हे सगळं ती पाहायची. ती जाऊन तीन वर्षं झाली. मधली दोन वर्षं गायत्रीने बोलावणं मोबाइलवर धाडलं. यंदा पद्मनाभरावांनी कपाटातून भवानीबाईंची वही काढली. तीत गल्लीतली चौदा घरं ओळीने लिहिलेली, दरवर्षीची यादी वेगळ्या पानावर. आणि प्रत्येक पानावर अकराव्या घरावर आडवी रेघ मारलेली.

त्यांना वाईट वाटलं. अकरावं घर म्हणजे टोकाच्या वळणाअलीकडचं, वर्षानुवर्षं कुलूप असलेलं. पोपडे आलेला हिरवा दरवाजा, विजेचं मीटर काढून नेलेलं. राहत कुणी नसेल, पण म्हणून भवानीने इतक्या निगुतीने दरवर्षी ते घर आधी लिहावं आणि मग खोडावं? कधी काळी काही खटका उडाला असेल. बायकांच्या रुसव्यांचं आपल्याला कधी कळलंच काय. पण कुणाला वगळणं त्यांना बरं वाटेना.

"इथे पण, आजोबा?" अक्षयाने विचारलं.

"इथे पण."

तिने टाचा उंच करून चौकटीला कुंकवाचं बोट लावलं आणि बंद दारापुढे उभं राहून, शाळेत कविता म्हणावी तशी, हात बांधून म्हटलं, "आमच्याकडे कोलू मांडलाय. बघायला या."

बाकीची तीन घरं करून परत येताना त्यांनी सवयीने पाहिलं. चौकटीवरचं कुंकू नव्हतं. पुसून गेल्याचा डागसुद्धा नाही. लाकूड नुकतंच पदराने टिपल्यासारखं स्वच्छ.

दमट हवा, ते स्वतःला म्हणाले. दोन पावलांनी वाटलं, की आपण त्या दारापुढे थांबलोच नसू. अलीकडे त्यांचं असं होई.

३

चौथ्या संध्याकाळी दोर जड लागला.

दोर हाताला कसा लागतो, हे त्यांना आता पाठ झालं होतं. आठ पोरांची ओढ म्हणजे आठ वेगळ्या वेगळ्या लहरी. कुणी उडी मारतं, कुणी रेंगाळतं, विघ्नेश तर हिसकेच देतो. त्या दिवशी या सगळ्यांच्या खाली आणखी एक ओढ होती. संथ, एकसारखी, अगदी शेपटाकडून. त्यांनी मागे वळून पाहिलं. रस्त्यावरच्या दिव्याखाली आठ पोरं. नववं कडं रिकामं. पण ते लोंबत नव्हतं. विघ्नेशच्या मागे दोर आडवा होता, ताठ, आणि टोकाचं कडं कुणाच्या तरी मुठीच्या उंचीवर थांबलेलं.

पोरं थांबली तसं ते हळूच खाली आलं.

दोराला पीळ असतो. ओला झाला की ताठतो. दुपारी सर येऊन गेली होतीच. पद्मनाभरावांना हे स्पष्टीकरण पटलं, आणि पटलं याचीच भीती वाटली.

अलमेलु मामींनी त्या दिवशी उसळीचे नऊ द्रोण दिले.

"आठ पोरं आहेत, मामी."

"आठ? मी मोजून भरले, सार. ती शेवटची बारकी कुणाची? खाली मान घालून बसली होती, गाणंसुद्धा म्हणेना."

"कुठे बसली होती?"

मामींनी कोलूकडे पाहिलं, मग पोरांकडे, मग हातातल्या नवव्या द्रोणाकडे. "माझा चष्मा बदलायला हवा," त्या म्हणाल्या. थट्टेच्या सुरात म्हणायला गेल्या, पण सूर काही लागला नाही.

पोरं अंगणात गेल्यावर पद्मनाभरावांनी आवाज खाली आणून विचारलं, "अकराव्या घराला भवानी का बोलवायची नाही?"

मामींचा हात थांबला. "तुम्ही बोलावलंत?"

"कुंकू लावलं फक्त. चौकटीला."

"कुणी लावलं? तुम्ही?"

"अक्षयाने."

मामींनी नववा द्रोण उचलला, मागच्या दाराने नेऊन गाईपुढे ठेवला. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "बोलावलं की त्यांचंही बोलावणं येतं, सार. त्या बाजूने नेऊ नका पोरांना."

सकाळी खुंटीवरचा दोर त्यांनी कडं-कडं करून तपासला. आठ कड्यांना निळा, पिवळा, पोरांच्या तोंडचा रंग लागला होता. नवव्याला सुकं कुंकू.

४

मामींचं त्यांनी ऐकलं. पुढचे चार दिवस पोरांना दहाव्या घरावरूनच परत फिरवलं. पोरं कुरकुरली. दोर रोज जड लागत होता, आणि ते रोज मागे न बघता आठ नावं मोठ्याने घेत होते, आठ ओ ऐकत होते. गायत्रीला सांगावं असं दोनदा मनात आलं. पण सांगायचं काय? दोराचं वजन? ती डॉक्टरांकडे नेईल, आणि मग पोरीचा हात पुन्हा हातात देणार नाही. आणि तिचं चुकेल असंही नाही.

नवव्या संध्याकाळी, सरस्वतीपूजेच्या दिवशी, दहाव्या घरातून बाहेर पडताना पुढच्या टोकाला असलेले पद्मनाभराव घराकडे वळले आणि दोर त्यांच्या हातातून सरसरत निघाला. शेपूट उलट्या दिशेला चाललं होतं.

"विघ्नेश! उलटं कुठे?"

"मी नाही ओढत, तात्ता!" विघ्नेश ओरडला. "तिथे बोलावलंय म्हणे!"

"कोण म्हणे?"

अकराव्या घराचा दरवाजा सताड उघडा होता. आत पिवळा उजेड, समयांचा. अष्टगंधाचा वास. पोरांची माळ एकामागून एक उंबरा ओलांडत होती, आणि सगळ्यांत शेवटी, त्यांचा हात घट्ट धरून, अक्षया. ओढ अशी होती की त्यांनी दोर सोडला असता तरच ते बाहेर राहिले असते. त्यांनी सोडला नाही.

खोली साधीच होती. तांबडी फरशी, पंख्याचा रिकामा हूक. फरशी ओली, नुकती पुसलेली. समोर पांढऱ्या कापडाने मढवलेल्या नऊ पायऱ्या, दोन्ही बाजूंना नाचियारकोविल गावच्या उंच पितळी समया, आणि त्या पायऱ्यांवर एकही बाहुली नव्हती.

त्यांना वाटलं, अर्धवट राहिलेली मांडणी. इतकंच. कुणी राहायला आलं असेल, बाहुल्या अजून पेटीत असतील. "कोण आहे घरात?" त्यांनी आधी मराठीत विचारलं, मग तमिळमध्ये. मागच्या खोलीत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की दोर हलका झालाय.

पोरं पायऱ्यांवर बसली होती.

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. कृष्ण एका पायरीवर बासरी ओठांशी धरून, मुरुगन भाला उभा करून, भारतमाता हात वर करून. सोंगं घेतलेली ती आठ पोरं एकेका पायरीवर नीट मांडल्यासारखी. डोळे उघडे. पापणी हलत नव्हती. अक्षयाने धरलेला पद्मनाभरावांचा हात रिकामा होता. आंडाळ आठव्या पायरीवर, पोपट घेऊन बसली होती. तिच्या वरची, नववी पायरी समयांच्या उजेडाच्या वर होती. तिथे छोटे दोन पाय लोंबत होते, तांबड्या लाकडाच्या रंगाचे. त्यावरचं काही दिसत नव्हतं.

"खाली उतरा!" ते ओरडले. "विघ्नेश! मधुमिता! कीर्ति! जननी! सूर्या! हरिप्रसाद! शेषाद्री! अक्षया!"

समया विझल्या. दोन्ही एकदम.

अंधारात पावलांचा, काकणांचा, कागदी मुकुटांचा एकच कल्लोळ झाला. दोर भराभर ताठ होत गेला, लहर, लहर, हिसका, लहर. थंड बोटं त्यांच्या तळहातात शिरली. ते मागे न पाहता बाहेर धावले आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली आल्यावरच थांबले.

त्यांनी मोजलं. आठ. नावं घेतली. आठ ओ आल्या. तीनदा मोजलं.

"काय मस्त घर होतं!" विघ्नेश म्हणाला. "पण उसळ नाही दिली."

हिरव्या दाराला कुलूप होतं.

५

एकेकाचे आईबाप येऊन आपापलं पोर घेऊन गेले. कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. मधुमिता झोपाळली होती, कीर्तिचा मुकुट फाटला होता, बस्स. पद्मनाभरावांना रडूच यायला लागलं. मग रोजच्यासारखं खोबरेल तेल आणि कापूस घेऊन ते अक्षयाचं तोंड पुसायला बसले. हे त्यांचं काम. नियम होता, रंग तोंडावर ठेवून झोपायचं नाही.

अंबाडा उजवीकडे कलला होता. धावताना घसरला असणार. पोपट उजव्या हातावर होता.

"घाबरलीस, बाळ?"

"नाही." ती खाली मान घालून बसली होती.

"मग तीनदा का नाही ओढलंस?"

तिने मान वर केली. तिला प्रश्न कळलाच नसावा तसं ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

कापसावर पिवळा रंग येऊ लागला. कपाळ, गाल, हनुवटी. डावी भुवई सपाट, गुळगुळीत. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी उजवी भुवई पुसली. तिथे व्रण होता. तीन टाक्यांचा, बारीक, पांढुरका.

"गायत्री," त्यांनी आवाज शक्य तेवढा साधा ठेवून हाक मारली. "हिचे टाके कुठल्या भुवईला पडले होते?"

गायत्री पदराला हात पुसत आली. पोरीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि तिचा चेहरा मऊ झाला. त्या मऊपणाची त्यांना धास्तीच होती.

"उजवीच की, मामंजी. दिसतोय ना व्रण." तिने पोरीला उचललं. "अग्गबाई, किती गार पडलीस! चल, गरम रसम देते."

पोरीने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकली. आत जाताना ती पद्मनाभरावांकडे पाहत होती.

सख्खी आई म्हणते उजवी. तुझ्यापेक्षा तिला जास्त कळतं, पद्मनाभा. त्यांनी मोबाइल काढला. गेल्या वाढदिवसाचा आजोबा-नातीचा फोटो त्यात होता. व्रण डाव्या भुवईवर. पण तो फोटो अक्षयाने स्वतःच हात लांब करून काढला होता, आणि असा फोटो आरशासारखा उलटा येतो. येतो की नाही? त्यांनी फोटोत आपल्या शर्टाचा, नेहमी डावीकडे असणारा खिसा शोधला. खिसा हाराखाली झाकलेला होता.

६

पण पद्मनाभराव कागद टाकणारे नव्हते. कपाटातल्या फायलीत दवाखान्याची चिठ्ठी सापडली. डावी भुवई, तीन टाके. शाई थोडी फिकट, शब्द स्वच्छ.

त्यांनी ती तीनदा वाचली. डॉक्टर रुग्णाच्या समोर बसतो, त्यालाही डावं-उजवं चुकू शकतं. घाईत लिहितात. एक चिठ्ठी, एक फोटो, एका म्हाताऱ्याची आठवण. या तिन्हींवर पूलसुद्धा उभा राहत नाही. आणि समजा, आपलं चुकलं, आणि या पोरीला धरून त्या दारात नेलं, तर आपण आपलीच नात तिथे...

पुढचं त्यांना मनातसुद्धा म्हणता येईना.

ते ओट्यावर आले. दोर पायरीवर पडला होता, आल्या आल्या टाकलेला. हातांना काहीतरी काम हवं म्हणून ते गुंडाळू लागले. कोपरापासून अंगठ्यापर्यंत एक वेढा, साधारण मीटरभर. पहिलं कडं गेलं. दुसरं. विघ्नेशचं आठवं. बारा वेढे झाले. तेरा. चौदा. दोर अजून अंधारातून येतच होता, ओट्यावरून, पायरीवरून, रस्त्यावरून. रस्त्यावरच्या दिव्याच्या पलीकडून.

मग तो यायचा थांबला. पलीकडे काहीतरी होतं.

आतून ताटलीचा आवाज आला. गायत्री काहीतरी विचारत होती, पोरगी हसत होती. हसणं अक्षयाचंच होतं. शपथेवर सांगितलं असतं त्यांनी, अक्षयाचंच.

दोराला हिसका बसला. बारीक, घाबरा. एकदा.

पद्मनाभरावांनी दोर मुठीत आवळला.

दुसऱ्यांदा.

मागे दारात पावलं वाजली. ती पोरगी उंबऱ्यावर उभी होती, हातात द्रोण, भुवईखालून त्यांच्याकडे बघत.

"दोर सोडा ना, आजोबा," ती लाडाने म्हणाली. "सगळे आलेत की घरी."

तिसऱ्यांदा.

त्यांनी पुन्हा मोजलं नाही. आयुष्यात प्रथमच, काहीही पुन्हा तपासलं नाही. दोराचे दोन वेढे मनगटाला घेतले, भिंतीचा आधार घेत पायऱ्या उतरले आणि दोर जिथे नेत होता तिकडे चालू लागले. दहाव्या घरापुढे आले तेव्हा वळणाअलीकडच्या हिरव्या दारात पिवळा उजेड होता, आणि कुणीतरी पदराने वारा घालून तो एकेक समई करून मालवत होतं.

एक विझली.

पद्मनाभराव धावू लागले.